नव्या पीसीचं नेट मध्येच तुटतंय? आधी नेमकं काय तुटतंय ते पकडा

नवा जुळवलेला पीसी छान चालतो आणि मध्येच नेट जातं. दहा-वीस सेकंदांत आपोआप परत येतं. कधी तासन्‌तास काही होत नाही, तर कधी पाच मिनिटांत तीनदा होतं. अशा वेळी बहुतेक जण एकाच संध्याकाळी विंडोजचं 'नेटवर्क रीसेट' चालवतात, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, राउटर बंद-चालू करतात आणि केबलही बदलतात. दुसऱ्या दिवशी नेट टिकलं तर कशामुळे टिकलं ते कळत नाही. आठवड्याने पुन्हा गेलं की पहिले पाढे पंचावन्न.

'नेट गेलं' या दोन शब्दांमागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. केबलवरची लिंकच तुटली. लिंक आहे, पण आयपी पत्ता गेला. पत्ता आहे, पण राउटरच्या पलीकडे रस्ता बंद आहे. किंवा रस्ता चालू आहे, पण डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा, उत्तर देत नाही. पहिल्या प्रकाराचं मूळ पीसीत, केबलमध्ये किंवा राउटरच्या सॉकेटमध्ये असतं. शेवटच्या दोन प्रकारांत नव्या मदरबोर्डचा बहुधा काहीच दोष नसतो. म्हणून काहीही बदलण्याआधी कुठला प्रकार आहे ते ठरवा. घड्याळाशेजारचं इंटरनेटचं चिन्ह यासाठी कामाचं नाही. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावर जाऊन येतं आणि त्यावरून ते चिन्ह बदलतं. नेट चालू असताना ते 'इंटरनेट नाही' म्हणू शकतं आणि उलटही होतं.

त्याऐवजी कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि तिन्हींत अखंड पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा, लावून ठेवा. विंडोजमध्ये पिंगला '-टी' जोडलं की ते थांबवेपर्यंत चालतं. पहिल्या खिडकीत राउटरचा पत्ता द्या. तो सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नक्की कोणता ते 'आयपीकॉन्फिग' लिहिल्यावर 'डीफॉल्ट गेटवे'समोर दिसतं. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर) आणि तिसऱ्यात एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचं नाव. पिंग चालू होतानाच नावाचा पत्ता शोधून ठेवतं, त्यामुळे तिसरी खिडकी नेट गेल्यावर बंद करून पुन्हा चालू करायची, तरच डीएनएसची परीक्षा होते. तिन्ही खिडक्या एकदम थंडावल्या तर बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे. राउटर उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गप्प आहे, तर घोळ राउटरच्या पलीकडचा. फक्त नाव सापडत नसेल तर डीएनएस बदलून बघा आणि मदरबोर्डला उगाच दोष देऊ नका. राउटरच्या पिंगमध्ये एखादंच उत्तर हुकलं तर घाबरायचं कारण नाही, कारण कामात असलेला राउटर पिंगला दुय्यम समजतो. सलग पाच-सहा उत्तरं हुकली की वेळ लिहून ठेवा.

घरातल्या दुसऱ्या उपकरणाचंही नेट त्याच क्षणी जातं का, हे बघायला बरेच जण फोन हातात घेतात. फोन वायफाय गेल्यावर गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि सगळं ठीक असल्याचा देखावा करतो. त्यामुळे चाचणीपुरता मोबाइल डेटा बंद ठेवा.

नोंदी वाचा, त्या बहुतेक खरं सांगतात

वेळ हाताशी असली की 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम' भागात त्याच मिनिटाच्या नोंदी बघा. इंटेलच्या नेटवर्क चिपवर लिंक तुटली की ड्रायव्हरच्या नावाने २७ क्रमांकाची नोंद पडते आणि लिंक परत जुळली की ३२ क्रमांकाची. त्या दुसऱ्या नोंदीत लिंक किती वेगाने जुळली तेही लिहिलेलं असतं आणि ते फार मोलाचं आहे. आधी १ गिगाबिट होती आणि परत आली ती १०० मेगाबिटवर, तर तपास जवळजवळ संपलाच. त्याबद्दल पुढे केबलच्या भागात सांगतो.

'एनडीआयएस'च्या, म्हणजे विंडोजच्या नेटवर्क ड्रायव्हर सांभाळणाऱ्या भागाच्या, नावाने १०४०० क्रमांकाची नोंद असेल तर प्रकरण वेगळं आहे. या नोंदीचा अर्थ असा की ड्रायव्हरने किंवा चिपने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून नेटवर्क कार्ड रीसेट झालं. इथे केबल बदलून काही होणार नाही. बघायचा तो ड्रायव्हर, वीजबचत आणि मेमरीची स्थिरता.

'व्हिया-लॉगर'च्या, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या, नोंदी आणि त्यांत पीसीआय एक्स्प्रेसचा उल्लेख दिसला तर नेटवर्क चिप बाजूला ठेवा. कार्डं आणि चिपा प्रोसेसरशी जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गावरच चुका होत आहेत आणि नेट तुटणं हा त्याचा एक परिणाम असू शकतो. बऱ्याचदा अशा पीसीत एसएसडी क्षणभर अडखळणं किंवा यूएसबी उपकरण तुटल्याचा आवाज येणं हेही घडत असतं, फक्त तिकडे लक्ष गेलेलं नसतं.

नेट गेलं त्या वेळी सिस्टिम लॉगमध्ये काहीच नसेल तर लिंक तुटलेली नाही असं धरून चाला. मग 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवून पत्ता बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पीसीला राउटरकडून पत्ता मिळाला नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता लावून घेतला. मुदतीने दिलेल्या पत्त्याचं नूतनीकरण अर्धी मुदत झाल्यावर सुरू होतं, पण उत्तर मिळालं नाही तरी पत्ता पूर्ण मुदत संपेपर्यंत चालतो. म्हणून नेट घड्याळ लावल्यासारखं ठरावीक अंतराने जात असेल, तर ते अंतर राउटरमधल्या 'लीज टाइम'शी जुळवून बघा. पत्ता हाताने भरला असेल तर तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यात येत नाही ना, हेही तपासा. नाहीतर तोच पत्ता एक दिवस टीव्हीला मिळतो आणि दोघांची मारामारी सुरू होते.

केबल आणि सॉकेट

लिंक तुटतेय हे ठरलं की सगळ्यात आधी केबल. हे ऐकून लोक म्हणतात, 'जुन्या पीसीवर हीच केबल चालत होती.' चालत असेलही. जुन्या पीसीचा पोर्ट १ गिगाबिटचा आणि नव्याचा २.५ गिगाबिटचा असेल, आणि पलीकडचा राउटरही २.५ चा असेल, तर तीच केबल आता जास्त वेगाने वापरली जातेय आणि तिचा कमकुवतपणा पहिल्यांदाच उघडा पडतोय.

१०० मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवरच्या. १ गिगाबिट आणि २.५ गिगाबिटला चारही जोड्या लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एखादी तार कनेक्टरमध्ये नीट चेपलेली नसेल तर गिगाबिट लिंक जुळते, तुटते, पुन्हा जुळते आणि शेवटी चिप हात टेकून १०० वर उतरते. १०० वर मग सगळं शांत चालतं. म्हणजे 'वेग कमी झाला पण तुटायचं थांबलं' हा सुधार नव्हे, तो केबलच्या बिघाडाचा पुरावा आहे.

कनेक्टर हाताने चेपलेला असेल तर पारदर्शक टोकातून रंगांचा क्रम बघा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सगळ्यात फसवी चूक म्हणजे दोन्ही टोकांना रंग ओळीने लावणं, म्हणजे नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची. साधा केबल टेस्टर आठही दिवे लावून 'पास' म्हणतो, कारण पिनाला पिन जुळलेली असते. पण ३ आणि ६ या पिनांवर एकमेकींना पीळ घातलेल्या तारा येत नाहीत, त्यामुळे शेजारच्या जोडीतला गोंगाट आत शिरतो आणि लिंक भर वेगात डगमगते. जोडीचा पीळ टोकापाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकललेला नसावा.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा टाळा. त्यांचा रोध जास्त असतो आणि दोन-चारदा वाकवल्या की आतून तुटतात, वरून पत्ता लागत नाही. शुद्ध तांब्याची कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिटलाही पुरते. २०१६ मध्ये आलेलं ८०२.३बीझेड हे मानक मुळात आधीच टाकलेल्या केबल वापरता याव्यात म्हणूनच आलं. घरात कॅट ७ किंवा कॅट ८ घेण्यात काहीही हशील नाही. चाचणीसाठी कारखान्यात बनलेली दोन मीटरची एक चांगली केबल घ्या, पीसी राउटरजवळ नेऊन थेट जोडा आणि भिंतीतली केबल, मधला स्विच हे सगळं वगळा. तरीही तुटतेय का ते बघा. राउटरचा पोर्टही बदला.

आता एक गोष्ट जी फक्त नव्याने जुळवलेल्या पीसीतच आढळते. मदरबोर्डसोबत मागच्या सॉकेटांभोवती बसवायचा पातळ पत्रा येतो, आय-ओ शील्ड. त्याला आतल्या बाजूने स्प्रिंगसारख्या छोट्या जिभा असतात. बोर्ड कॅबिनेटमध्ये सरकवताना यातली एखादी जीभ सॉकेटच्या बाहेरून टेकण्याऐवजी आत वाकते. लॅनच्या सॉकेटात ती शिरली तर केबल पूर्ण आत जात नाही, कनेक्टरचा 'टक्‌' आवाज येत नाही, किंवा जीभ थेट पिनांना घासते. टेबलाला धक्का लागला की नेट जातं, त्याचं हे एक कारण. मागून टॉर्च मारून बघा. दिसलीच तर वीज पूर्ण बंद करून बोर्ड सैल करा आणि जीभ बाहेर काढा. चिमट्याने ओढून तोडायचा मोह टाळा, कारण तो तुकडा बोर्डवर पडतो. बोर्ड उघडलाच आहे तर खालचे पितळी खांबही मोजा. बोर्डच्या भोकाखाली नसलेला एखादा जादा खांब राहिला असेल तर तो मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो, आणि त्याचे परिणाम काहीही असू शकतात.

चिप, ड्रायव्हर आणि वीजबचत

केबल निर्दोष ठरली की चिपकडे वळा. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये नेटवर्क ॲडॅप्टरचं नाव बघा. घरगुती मदरबोर्डवर बहुधा इंटेल आय२२५-व्ही, आय२२६-व्ही किंवा रिअलटेक ८१२५ असते.

आय२२५-व्ही असेल तर 'डिटेल्स'मधल्या 'हार्डवेअर आयडीज'मध्ये 'आरईव्ही' या अक्षरांनंतरचा आकडा बघा. ०१ आणि ०२ या सुरुवातीच्या आवृत्त्यांत २.५ गिगाबिटवर दोन पॅकेटांमधलं (डेटाच्या तुकड्यांमधलं) अंतर मानकापेक्षा कमी पडायचं. त्यामुळे काही स्विच आणि राउटरांसोबत पॅकेटं गळायची. हा दोष सिलिकॉनमधला आहे, ड्रायव्हरने पुरता जात नाही. ०३ मध्ये तो सुधारला गेला. जुनी आवृत्ती असेल तर 'ॲडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'स्पीड अँड डुप्लेक्स'मध्ये '१ गिगाबिट फुल डुप्लेक्स' निवडा. ही तडजोड आहे, पण पक्की. मात्र हाच उपाय १०० मेगाबिटला लावू नका. १०० वर असं सक्तीने ठरवलं की पलीकडचा राउटर अंदाजाने हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने डेटा) धरतो आणि लिंक चालू राहूनही पॅकेटं गळत राहतात.

आय२२६-व्ही आणि रिअलटेक, दोन्हींच्या बाबतीत पहिला संशयित वीजबचत. ८०२.३एझेड हे २०१० चं मानक लिंकवर रहदारी नसेल तेव्हा पोर्टला डुलकी घेऊ देतं. दोन्ही टोकांच्या चिपांचं त्या डुलकीवरून जागं होण्याबद्दल एकमत झालं नाही की लिंक तुटते. म्हणून पीसीवर काही चालू नसताना, किंवा नुसतं वाचत बसलेलं असताना नेट जातं आणि मोठी फाइल उतरवताना मात्र टिकतं, असं दिसलं की याच जागी बघायचं. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' बंद करा. रिअलटेकवर 'ग्रीन इथरनेट', 'पॉवर सेव्हिंग मोड' आणि 'ऑटो डिसेबल गिगाबिट' दिसतील तेही बंद. 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'पीसीआय एक्स्प्रेस'खालचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद ठेवा. मधल्या स्विचमध्ये अशी बचत असेल तर तीही. डेस्कटॉपवर या सगळ्यातून वाचणारी वीज इतकी किरकोळ आहे की हळहळ करू नका. लक्षात ठेवायचं एवढंच, की नवा ड्रायव्हर टाकला की या खुणा पूर्ववत होऊ शकतात.

नेमकं उलट दिसत असेल, म्हणजे निवांत असताना टिकतं आणि भर वेगात तुटतं, तर केबल, ड्रायव्हर किंवा तापमान. घरातल्या दुसऱ्या संगणकाशी आयपर्फ३ हे नेटचा वेग मोजणारं साधन लावून अर्धा तास पूर्ण वेगाने डेटा पाठवून बघा. बिघाड आपोआप घडायची वाट बघण्यापेक्षा तो मुद्दाम घडवता येणं केव्हाही चांगलं.

ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा मदरबोर्डच्या पानावरून घ्या. विंडोजने स्वतः टाकलेला ड्रायव्हर चालतो, पण बऱ्याचदा जुना असतो. मदरबोर्डसोबत येणारी 'गेमिंग नेटवर्क' सॉफ्टवेअर काढूनच टाका. ती प्रत्येक पॅकेट चाळून प्राधान्यक्रम लावतात आणि बदल्यात फारसं काही देत नाहीत. व्हीपीएन आणि अँटीव्हायरसचे फिल्टर ड्रायव्हरही याच जातीचे. नुसते 'पॉज' करून ते बाजूला होत नाहीत, पूर्ण काढावे लागतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पीसी बंद केला तरी लॅन चिपला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज मिळत राहते. बंद पीसीच्या सॉकेटवर दिवा लुकलुकतो तो त्यामुळेच. त्यात विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर ड्रायव्हरही कोऱ्या पाटीने सुरू होत नाही. म्हणून अडकलेल्या चिपला खरोखर ताळ्यावर आणायचं तर पीसी बंद करा, मागचा पॉवर सप्लायचा स्विच बंद करा, पुढचं बटण पाच सेकंद दाबून धरा, अर्धा मिनिट थांबा आणि मग चालू करा. बायोस बदलल्यावर तर हे करावंच.

दोष सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा

यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स हा सगळ्यात स्वच्छ निकाल आहे. उबुंटू पेनड्राइव्हवर टाका, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा आणि तीच केबल, तोच राउटर ठेवून दोन-तीन तास पिंग चालवा. विंडोजमध्ये दर अर्ध्या तासाला तुटणारं नेट इथे टिकलं तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे आणि विंडोजचा ड्रायव्हर किंवा सेटिंग शोधा. इथेही तुटलं तर विंडोज पुन्हा टाकण्यात शनिवार-रविवार घालवू नका.

हार्डवेअरकडे बोट दाखवलं गेलं तर बायोस अद्ययावत करा आणि एक्सएमपी किंवा एक्स्पो ही मेमरी जास्त वेगाने चालवणारी सेटिंग बंद करून मेमरी मूळ वेगावर एक दिवस चालवा. मेमरीचा आणि नेटचा काय संबंध, असं वाटेल. पण काठावरच्या मेमरीमुळे निळा पडदा येतोच असं नाही. एखादा ड्रायव्हर चुकीचा बाइट वाचून अडकतो आणि नेमका तो नेटवर्कचा असतो. मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या रात्रभर लावा, एकही चूक खपवून घेऊ नका. यूएसबी नेटवर्क डोंगल वापरत असाल आणि बोर्ड एएमडीच्या ५०० मालिकेचा असेल तर बायोसची तारीख नक्की बघा. २०२१ मध्ये त्या चिपसेटवर यूएसबी उपकरणं मध्येच तुटायची आणि त्यावरची दुरुस्ती एजेसा १.२.०.२ मध्ये (एजेसा म्हणजे बायोसमधला एएमडीने दिलेला भाग) आली.

वायफायवर असाल तर

मागे दोन्ही अँटेना लावल्या आहेत का? हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण नव्या पीसीत त्या खोक्यातच राहिलेल्या असतात. अँटेनाशिवायही वायफाय जवळच्या राउटरला पकडतं, म्हणून शंका येत नाही. सिग्नल दाखवतो आणि तुटत राहतो. अँटेना कॅबिनेटच्या पत्र्यामागे दडपू नका, वर काढून ठेवा. समोरच्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क जोडली की २.४ गिगाहर्ट्झवरचं नेट कोसळतं, हेही खरं. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो आणि इंटेलने २०१२ मध्येच तो मोजून दाखवला होता. उपाय ५ गिगाहर्ट्झ किंवा डिस्क अँटेनापासून दूर ठेवणारी लांब केबल.

५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ या चॅनेलांवर अनेक देशांत रडारला अग्रक्रम असतो. राउटरला रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडावाच लागतो आणि तसल्याच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद कान देऊन बसावं लागतं. दिवसातून दोनदा मिनिटभर नेट जाण्यामागे हे असू शकतं. राउटरमध्ये ३६ ते ४८ मधला चॅनेल हाताने ठरवा. चाचणीपुरतं २.४ आणि ५ ची नावंही वेगळी करा, म्हणजे राउटर पीसीला इकडून तिकडे ढकलणार नाही. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा प्रशासक म्हणून चालवली की गेल्या तीन दिवसांतलं वायफायचं प्रत्येक तुटणं कारणासकट एका पानावर मिळतं.

एवढं करूनही लिंक तुटतच असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं वेगळं नेटवर्क कार्ड लावा आणि बोर्डवरचा लॅन पोर्ट बायोसमधून बंद करा. १ गिगाबिट पुरत असेल तर इंटेल आय२१० वर बनलेलं कार्ड घ्या, एक्स१ स्लॉट पुरतो. नव्या कार्डावरही त्याच केबलने, त्याच पोर्टवर तीच लक्षणं दिसली तर बोर्डवरची चिप निर्दोष आहे. दिसली नाहीत तर तारीख-वेळेसकट टिपलेल्या नोंदी आणि लिनक्सवरचा निकाल घेऊन वॉरंटीत बोर्ड बदलून मागा. 'कधीतरी नेट जातं' असं सांगून दिलेला बोर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये दहा मिनिटं चालवून 'दोष आढळला नाही' या शेऱ्यासह परत येतो.